चेहरा झाकला, तरी ओळखाल!

तुम्ही याला ओळखता. नाव सांगितलं तर कदाचित लगेच लक्षात येणार नाही, पण काळा सूट, काळा गॉगल, कानात वायर आणि एकेक अक्षर चघळून म्हटलेलं ‘मिस्टर अँडरसन’ आठवा. ‘द मेट्रिक्स’मधला एजंट स्मिथ. आता पुढे चला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला टोकदार कानांचा, कायम कपाळाला आठी असलेला एल्रॉन्ड. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’मधला मुखवट्यातला व्ही. पहिल्या ‘कॅप्टन अमेरिका’तला लाल कवटीचा रेड स्कल. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधल्या मेगाट्रॉनचा आवाज. हे सगळं एकाच माणसाचं काम आहे. त्याचं नाव ह्यूगो वीव्हिंग.

एवढी यादी वाचून कुणालाही वाटेल, की हा लॉस एंजेलिसच्या टेकडीवर बंगला बांधून बसलेला हॉलिवूडचा बडा नट असणार. गंमत म्हणजे हा माणूस तिकडे राहायला गेलाच नाही. जगभर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या सिनेमांत काम करायचं, शूटिंग संपलं की सिडनीला घरी यायचं आणि एका जुन्या मालधक्क्यावरच्या थिएटरात बेकेट, चेकॉव्ह नाहीतर ब्रेख्तच्या नाटकाच्या तालमीला उभं राहायचं. असं त्याने वर्षानुवर्षं केलंय. तुमच्यापैकी जे एकांकिका करतात आणि ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाने ज्यांची झोप उडालेली असते, त्यांनी या माणसाचं करिअर जरा जवळून बघावं असं आहे.

वीव्हिंगचा जन्म ४ एप्रिल १९६० चा, नायजेरियातल्या इबादानचा. आईवडील इंग्लिश. वडिलांच्या कामामुळे कुटुंबाची सतत भटकंती. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पुन्हा इंग्लंड असं करत १९७६ मध्ये सगळे सिडनीला येऊन स्थिरावले. म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, दहावी-अकरावीच्या वयात, हा पोरगा नव्या शाळेत ‘बाहेरून आलेला’ होता. ज्यांच्या वडिलांच्या बदल्या होत असतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. दर वेळी नवी भाषा, नवे उच्चार, नव्या ग्रुपमध्ये शिरायची धडपड. नटाचा कान तयार व्हायला याहून चांगला क्लास नसेल. पुढे त्याने ‘निडा’ अर्थात सिडनीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि १९८१ मध्ये तिथून तो बाहेर पडला. निडा म्हणजे ऑस्ट्रेलियाचं एनएसडी समजा. मेल गिब्सन, ज्युडी डेव्हिस आणि नंतर केट ब्लँचेट याच संस्थेतून आले.

आणि आता क्रिकेट. वीव्हिंगला ऑस्ट्रेलियात घराघरांत पोचवलं ते १९८४ मधल्या ‘बॉडीलाइन’ या टीव्ही मालिकेने. विषय १९३२-३३ च्या त्या कुप्रसिद्ध ॲशेस मालिकेचा. ब्रॅडमनला रोखायचं म्हणून इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने हॅरॉल्ड लारवूडला बॅट्समनच्या अंगावर आखूड टप्प्याचे चेंडू टाकायला लावले आणि लेगला फिल्डरांचं कडं उभं केलं. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली, जी तुमच्या-आमच्यासाठी स्वप्नवत असली तरी ९९.९४ वाल्या माणसासाठी पडझडच होती. ॲडलेडला बर्ट ओल्डफिल्डची कवटी फुटली आणि प्रकरण दोन देशांच्या संबंधांपर्यंत गेलं. ऑस्ट्रेलियात जार्डिन हे नाव आजही शिवीसारखं घेतलं जातं, असं म्हटलं तरी चालेल. मालिकेत ब्रॅडमन होता गॅरी स्वीट, आणि जार्डिन कोण? चोवीस वर्षांचा ह्यूगो वीव्हिंग.

हा जार्डिन जन्मला होता आपल्या मुंबईत, १९०० साली. वडील इथे वकिली करत. बॉडीलाइनच्या राड्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९३३ मध्ये, तो इंग्लंडचा कर्णधार म्हणून जन्मगावी परतला आणि बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिलीवहिली कसोटी खेळली गेली. समोर कर्णधार सी. के. नायडू. लाला अमरनाथांनी भारतातर्फे पहिलं कसोटी शतक ठोकलं ते याच सामन्यात. पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरून आझाद मैदानावरून चालत जाल, तेव्हा शेजारच्या जिमखान्याकडे बघून हे आठवा.

मालिकेने इतिहासाशी बरीच मोकळीक घेतली, त्यावर तेव्हा टीकाही झाली. पण वीव्हिंगचं काम बघण्यासारखं आहे. देशाने ज्याला खलनायक ठरवलंय अशी भूमिका मिळाल्यावर तरुण नट काय करतो? डोळे वटारतो, दात खातो. वीव्हिंगचा जार्डिन मात्र थंड आहे. ताठ मान, बारीक जिवणी, आणि आपण करतोय त्यात काही चूक असू शकते ही शंकाही मनाला न शिवलेला चेहरा. पंधरा वर्षांनी एजंट स्मिथ म्हणून जो थंडपणा साऱ्या जगाला भावला, त्याची सुरुवात इथे दिसते.

पण माझ्या मते त्याचं अस्सल काम आहे १९९१ च्या ‘प्रूफ’मध्ये. जोसलिन मूरहाउसचा हा छोटासा, कमी बजेटचा सिनेमा. मार्टिन हा अंध माणूस फोटो काढतो. हो, फोटोच. लहानपणी आई त्याला खिडकीबाहेरच्या बागेचं वर्णन करून सांगायची आणि त्याला संशय, की ती खोटं बोलतेय. म्हणून मोठेपणी तो कॅमेरा घेऊन फिरतो. फोटो काढायचे, कुणाकडून तरी त्यांत काय दिसतंय ते विचारायचं आणि मागे ब्रेलमध्ये चिकटवून ठेवायचं. जग आहे तसंच आहे याचा पुरावा. पण वर्णन करणारा माणूस खरं बोलतोय कशावरून? एका हॉटेलात भांडी घासणारा तरुण त्याला भेटतो आणि मार्टिन पहिल्यांदाच कुणावर तरी विश्वास टाकतो. हा भांडी घासणारा म्हणजे ‘ग्लॅडिएटर’च्या नऊ वर्षं आधीचा रसेल क्रो. दोघांनाही ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचे पुरस्कार मिळाले, वीव्हिंगला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. अंध माणसाची भूमिका म्हणजे काठी, चाचपडणं आणि सहानुभूती हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. हा मार्टिन तर चक्क खडूस आहे. लोकांना छळतो, टोमणे मारतो. आणि तरी तो दुखावला गेला की आपल्याला लागतं.

तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, हाच माणूस ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’मध्ये उंच टाचा, पिसं आणि चकाकते गाऊन घालून नाचत होता. स्टेज शो करणारे दोन ड्रॅग आर्टिस्ट आणि एक ट्रान्स स्त्री एका जुनाट बसमधून सिडनीहून वाळवंट ओलांडून ॲलिस स्प्रिंग्जला निघतात, अशी गोष्ट. वीव्हिंगचा टिक तिकडे का चाललाय? कारण तिथे त्याची बायको आहे आणि लहान मुलगा आहे, आणि आपला बाप नेमकं काय करतो हे त्या मुलाला कसं सांगायचं या भीतीने त्याचं पाणी पाणी झालंय. सोबत टेरेन्स स्टॅम्प आणि गाय पीअर्स. (‘गजनी’ जिच्यावरून सुचला त्या ‘मेमेंटो’चा हीरो, तोच हा पीअर्स.) सिनेमाला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. भडक मेकअपच्या आत धास्तावलेला बाप दाखवणं हे वीव्हिंगचं काम होतं, आणि ते त्याने नाचता नाचता केलं.

मग आला ‘मेट्रिक्स’. १९९९. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ‘घरी राहूनही त्याने जग जिंकलं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. वीव्हिंग हॉलिवूडला गेला नाही हे खरं, पण हॉलिवूड त्याच्या गावात आलं हेही तितकंच खरं. १९९८ मध्ये सिडनीत फॉक्सचा भलामोठा स्टुडिओ सुरू झाला आणि ‘मेट्रिक्स’चं शूटिंग सिडनीतच झालं. सिनेमातलं ते निनावी महानगर नीट पाहिलंत तर सिडनीच आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ झाला शेजारच्या न्यूझीलंडमध्ये. शिवाय ऑस्ट्रेलियात सिनेमा आणि नाटक दोन्हींना सरकारचा पैसा मिळतो. ‘प्रूफ’सारखे सिनेमे त्याच्या आधारावर उभे राहतात आणि मोठ्या नाटक कंपन्याही. त्यामुळे ‘आपल्या गावात राहून मनासारखं काम कर’ हा सल्ला कुणी वीव्हिंगचं उदाहरण देऊन दिला, तर आधी विचारा की गावात काम आहे का. त्याच्या गावात होतं.

‘मेट्रिक्स’नंतर हॉलिवूडने त्याचं काय केलं, हे फार मजेशीर आहे. त्याचा चेहरा झाकला! ‘व्ही फॉर व्हेंडेटा’मध्ये शूटिंग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर आधीचा नट बाहेर पडला आणि वीव्हिंगला बोलावणं आलं. संपूर्ण सिनेमाभर गाय फॉक्सचा मुखवटा. एकदाही चेहरा दिसत नाही. मुखवट्यातून आवाज घुसमटत असल्यामुळे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करावे लागले. आता विचार करा. स्टेजवर तुमच्याकडून डोळे, भुवया, ओठ सगळं काढून घेतलं तर उरतं काय? मान किती अंशात कलते, हाताची बोटं कधी थांबतात, वाक्यातला श्वास कुठे पडतो. एवढ्यावर त्याने त्या न हलणाऱ्या चेहऱ्याला कधी हसरं केलं, कधी रडवेलं. सीन म्यूट करून बघा, मग नुसता ऐकून बघा. दोन्ही वेळा माणूस सापडतो. पुढे हाच मुखवटा जगभरच्या आंदोलनांमध्ये रस्त्यावर उतरला, पण ती गोष्ट वेगळी.

मेगाट्रॉनच्या बाबतीत मात्र त्याने स्वतःच सांगून टाकलंय, की ते काम आपण फारसा जीव न लावता केलं. आवाज द्यायचा होता, दिला. दिग्दर्शक मायकल बेला हे आवडलं नाही, त्याने जाहीरपणे नाराजी दाखवली. रेड स्कलचं तर आणखी स्पष्ट. पहिल्या सिनेमात रोज तो लाल मेकअप चढवून घेतला. पुढे ‘ॲव्हेंजर्स’साठी मार्व्हलने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याच्या म्हणण्यानुसार मूळ करारात दर सिनेमाला मानधन वाढणार असं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात कमी देऊ केलं गेलं, वर ‘आवाजाचंच तर काम आहे’ असं ऐकवलं गेलं. तो नाही म्हणाला. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये रेड स्कल दिसतो तो रॉस मार्क्वॅण्ड. त्या एका नकाराने किती कोटी चाहत्यांचा सिनेमा हातचा गेला याचा हिशेब तुम्हीच करा.

त्याच वर्षी, म्हणजे इकडे थॅनोस चुटकी वाजवत होता तेव्हा, वीव्हिंग सिडनी थिएटर कंपनीच्या रंगमंचावर ब्रेख्तचा ‘आर्टुरो उई’ करत होता. शिकागोमधला भाजीबाजार ताब्यात घेणारा एक गुंड, म्हणजे अर्थात हिटलर. नाटकात एक फार सुंदर प्रसंग आहे. हा गुंड एका जुन्या नटाला बोलावून त्याच्याकडून चालायचं कसं, उभं राहायचं कसं, बोलायचं कसं ते शिकतो आणि आपल्या डोळ्यांदेखत हुकूमशहा तयार होतो. दिग्दर्शक किप विल्यम्सने रंगमंचावर कॅमेरे आणले आणि नटांचे चेहरे प्रचंड पडद्यावर लाइव्ह दाखवले. हॉलिवूडने ज्याचा चेहरा रबर आणि मुखवट्याखाली दडवला, त्याची प्रत्येक सुरकुती इथे भिंतीएवढी मोठी.

ही सिडनी थिएटर कंपनी म्हणजे वीव्हिंगचं खरं ऑफिस. सिडनी बंदराच्या वॉल्श बे भागात लाकडी धक्के पाण्यात लांबवर गेलेत. पूर्वी तिथे जहाजांचा माल उतरायचा, १९८० च्या दशकापासून त्यातल्या एकावर नाटकं होतात. २००८ पासून काही वर्षं या कंपनीची सूत्रं केट ब्लँचेट आणि तिचा नवरा, नाटककार अँड्र्यू अप्टन यांच्याकडे होती. ब्लँचेट तेव्हा ऑस्कर जिंकलेली स्टार, आणि सिडनीत बसून पुढच्या सीझनला कुठली नाटकं घ्यायची ते ठरवत होती! वीव्हिंग आणि ती जुने दोस्त. २००४ मध्ये इब्सेनचं ‘हेडा गाब्लर’, जे नंतर न्यूयॉर्कला गेलं. २०१० मध्ये चेकॉव्हचं ‘अंकल वान्या’, त्यात वीव्हिंग डॉक्टर ॲस्ट्रोव्ह. तेही वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कपर्यंत पोचलं. मध्ये २००५ चा ‘लिटल फिश’ सिनेमा. त्यात हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या माजी रग्बीपटूच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार तिसऱ्यांदा मिळाला. (दुसरा १९९८ च्या ‘द इंटरव्ह्यू’साठी. पोलिसांच्या चौकशीच्या खोलीत घडणारा सिनेमा. दोन खुर्च्या, एक टेबल आणि थरार. एकांकिकावाल्यांनो, नोंद करा.)

मग २०१३ मध्ये ‘वेटिंग फॉर गोदो’. सोबत निडाचाच रिचर्ड रॉक्सबर्ग. मूळ हंगेरियन दिग्दर्शक दुखापतीमुळे येऊ शकला नाही, तेव्हा अप्टनने तालमी घेतल्या आणि ते नाटक पुढे लंडनला गाजलं. २०१४ मध्ये ‘मॅकबेथ’. इथे त्यांनी गंमत केली. प्रेक्षकांना रंगमंचावर बसवलं आणि नाटक केलं समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये. सुमारे नऊशे खुर्च्यांचं अख्खं प्रेक्षागृह म्हणजे मॅकबेथचं राज्य, आणि त्यात हा एकटा माणूस भेलकांडत फिरतोय. २०१५ मध्ये बेकेटचंच ‘एंडगेम’. तिथे तो हॅम. आंधळा, काळा चष्मा लावलेला, खुर्चीतून उठता न येणारा. म्हणजे डोळे आणि पाय दोन्ही गेले, राहिला आवाज. २०१९ च्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मध्ये मरणाच्या दारातला बाप बिग डॅडी. त्याच्याशी नजर न मिळवणाऱ्या दारुड्या मुलाच्या भूमिकेत कोण? हॅरी ग्रीनवुड. वीव्हिंगचा खराखुरा मुलगा. घरचा बाप आणि पोरगा रोज रात्री हजार लोकांसमोर एकमेकांना फाडून खातायत, नंतर बहुधा एकाच गाडीतून घरी!

यातलं काहीच आपल्याला ओटीटीवर बघायला मिळत नाही, ही या गोष्टीतली खरी टोचणी आहे. मेगाट्रॉन कायम राहणार. हॅम त्या खुर्चीसकट गेला. दिवसा मालिकेचं शूटिंग आणि रात्री नाटकाचा प्रयोग करणारी माणसं आपल्याकडेही भरपूर आहेत, आणि त्यांचंही हेच. लोक ज्या कामामुळे रस्त्यात थांबवून सेल्फी मागतात ते एक, आणि ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत तालीम केली ते दुसरंच.

२०१९ च्या सुमारास दोन ऑफर जवळपास एकाच वेळी आल्या. एक, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ड्युरेनमाटचं ‘द व्हिजिट’. दुसरी, लाना वाचोव्स्कीकडून नवा ‘मेट्रिक्स’, पुन्हा एजंट स्मिथ. त्याला दोन्ही करायचं होतं. तारखा जुळवायचा प्रयत्न झाला, शेवटी लानाने ठरवलं की हे जमणार नाही. वीव्हिंग लंडनला गेला. स्मिथ दुसऱ्या नटाला मिळाला. ‘द व्हिजिट’ची गोष्ट अशी, की गावातून हाकललेली एक बाई गडगंज श्रीमंत होऊन परत येते आणि सांगते, मला फसवणाऱ्या या एका माणसाला मारा, सगळ्या गावाला पैसा देते. तो माणूस म्हणजे वीव्हिंग. समोर लेस्ली मॅनव्हिल. फेब्रुवारी २०२० मध्ये नाटक उघडलं आणि १६ मार्चला कोविडमुळे लंडनची थिएटरं बंद झाली. ज्या नाटकापायी ‘मेट्रिक्स’ गेला, ते महिना-दीड महिनाच चाललं.

त्यानंतरही गड्याचा क्रम बदललेला नाही. २०२४ मध्ये डब्लिन आणि सिडनीत ‘द प्रेसिडेंट’ हे नाटक, आणि त्याच वर्षी ‘स्लो हॉर्सेस’च्या चौथ्या सीझनमध्ये फ्रँक हार्कनेस नावाचा, गोड बोलून गळा कापणारा माणूस. ऑस्करचं साधं नामांकनही त्याला आजवर मिळालेलं नाही.

वीकेंडला बघायचं असेल तर ‘मेट्रिक्स’ पुन्हा नको. ‘प्रूफ’ शोधा. मार्टिन लहानपणी काढलेला सगळ्यांत पहिला फोटो आयुष्यभर जपून ठेवतो आणि कुणालाच त्याचं वर्णन करू देत नाही. शेवटी तो फोटो रसेल क्रोच्या हातात देतो. तेव्हा क्रोकडे बघू नका. ऐकणाऱ्या वीव्हिंगकडे बघा.